परिषदेला जाऊन आलेला माणूस कंपनीत काय घेऊन येतो?

(तळेगाव औद्योगिक वसाहतीतले लघुउद्योजक आणि कारखान्यांतले तंत्रज्ञ यांच्यासमोर नवलाख उंबरे इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला विषय दिला होता, 'सायबर सुरक्षेच्या संशोधन परिषदांना उद्योगांनी का जावं'. मी विचारलं, बोलणार कुणासमोर? म्हणाले, प्रेस शॉपवाले असतील, मोल्डिंगवाले असतील, दोन-चार मोठ्या कंपन्यांचे आयटीवाले येतील. म्हटलं बरं झालं. या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या साहेबांसाठी असतं. त्यात चार गोष्टी ठरलेल्या: नवे प्रवाह कळतात, ओळखी वाढतात, कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढतो, कंपनीचं नाव होतं. मला यातली एकही गोष्ट खोटी म्हणायची नाही. पण लग्नाला का जावं, तर जेवण चांगलं असतं, असं सांगण्यासारखं आहे ते. जेवण असतंच. लग्न कुणाचं आहे ते सांगा की!

म्हणून आज मी या युक्तिवादाचीच जरा तपासणी करणार आहे. या परिषदांमध्ये मांडलेली तीन-चार संशोधनं घेऊ आणि पुढे त्यांचं काय झालं ते बघू. त्यातून कारखान्याला काही मिळतं का, ते तुम्हीच ठरवा.

सुरुवात घाटाखालून करतो. आपला इथला माल बोरघाट उतरून न्हावा शेवाला जातो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं एक विध्वंसक सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि जगभर पसरलं. मर्स्क ही जगातली सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. तिच्या गटाकडे जेएनपीटीमधलं एक टर्मिनल चालवायला होतं, तेही ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारं संगणकच बंद, म्हणजे कंटेनर नुसता लोखंडी डबा. हाताने काम सुरू करावं लागलं, बंदराबाहेर गर्दी वाढली. मर्स्कने पुढे नुकसानीचा आकडा दिला तो २५ ते ३० कोटी डॉलरचा. आणि त्यांच्या अध्यक्षांनी नंतर दावोसला सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

आता हे सॉफ्टवेअर पसरलं कसं? एक रस्ता होता विंडोजमधल्या एका दोषाचा. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. पण ज्यांनी तो उपाय लावला होता त्यांचेही संगणक पडले. कारण दुसरा रस्ता होता. विंडोज चालू असताना लॉगिन केलेल्या माणसाचा पासवर्ड मेमरीत सापडू शकायचा, तो उचलून पुढच्या संगणकावर जायचं. हे काम करणारं हत्यार म्हणजे मिमिकॅट्झ. ते बनवलं होतं बेंजामिन देल्पी नावाच्या एका फ्रेंच माणसाने, २०११ मध्ये, आणि चोरीसाठी नाही. त्याने मायक्रोसॉफ्टला आधी कळवलं होतं. उत्तर काय आलं, तर याचा उपयोग करायला हल्लेखोर आधीच संगणकात शिरलेला असावा लागतो, म्हणून हा दोष म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये तो मॉस्कोच्या एका परिषदेत यावर बोलला. तिथे हॉटेलच्या खोलीत परत आला तर कुणीतरी अनोळखी माणूस त्याच्या लॅपटॉपशी बसलेला! नंतर आणखी एकाने येऊन सरळ त्याचं भाषण आणि कोड मागितला. तेव्हा त्याने ठरवलं की हे फक्त चोरांकडे राहण्यापेक्षा सगळ्यांकडे असलेलं बरं, आणि कोड उघड केला.

तारखा बघा. २०१२ ला व्यासपीठावरून सांगितलं. २०१७ ला न्हावा शेवाला क्रेन थांबल्या. मध्ये पाच वर्षं.

या पाच वर्षांत विंडोजच्या नव्या आवृत्त्यांमध्ये मायक्रोसॉफ्टने तो दरवाजा बराचसा बंद केला. पण इथल्या किती कारखान्यांत विंडोज ७ चालू आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. मशीन जर्मनीहून आलंय, त्याच्या पडद्यामागे जे विंडोज आहे ते मशीनबरोबर आलेलं, आणि त्याला हात लावला तर वॉरंटी जाते. हे तुमचं अडाणीपण नाही, या धंद्याचं वास्तव आहे. मग करायचं काय? दार बदलता येत नसेल तर निदान किल्ली सगळीकडे एकच ठेवायची नाही. ॲडमिनचा एकच पासवर्ड सगळ्या मशीनवर नको, आणि त्या खात्याने रोजचं काम नको. एवढंच त्या संशोधनाचं कारखान्यापुरतं सार आहे. पाच वर्षं हातात होती आणि खर्च जवळजवळ शून्य.

दुसरं उदाहरण गाड्यांचं, म्हणजे तुमच्या पोटाचंच. चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक या दोघांनी २०१३ मध्ये लास वेगासच्या डेफ कॉनमध्ये दाखवलं की फोर्ड आणि टोयोटाच्या गाड्यांमध्ये लॅपटॉप जोडून ब्रेक, स्टिअरिंग यांच्याशी खेळ करता येतो. गाडी कंपन्यांचं म्हणणं काय पडलं? त्यासाठी गाडीत बसून वायर जोडावी लागते, मग त्यात विशेष काय. दोन वर्षांनी, जुलै २०१५ मध्ये, त्याच दोघांनी घरी बसून मोबाइल नेटवर्कवरून महामार्गावर धावणारी जीप चेरोकी बंद पाडली. आत एक पत्रकार बसला होता. तीन दिवसांत फियाट क्रायस्लरने १४ लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली आणि मालकांना टपालाने पेन ड्राइव्ह पाठवले. त्याच कंपनीच्या रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होऊ लागली. इथून तासा-दीड तासावर.

मला इथे गंमत वाटते ती एका वाक्याची. मायक्रोसॉफ्ट म्हणालं, 'त्यासाठी आधी आत यावं लागतं.' गाडीवाले म्हणाले, 'त्यासाठी वायर जोडावी लागते.' आणि आपल्याकडे शॉप फ्लोअरवर कुणालाही विचारा, 'साहेब, आमचं मशीन नेटला जोडलेलंच नाही.' तिन्ही एकाच कुळातली वाक्यं आहेत. बोललं त्या दिवशी ती खरीही असतात. पण संशोधक त्या 'पण'वरच पुढची दोन वर्षं काम करत बसतो. चांगल्या परिषदेत कान देऊन ऐकायचं असतं ते हे, की आपण ज्या 'पण'च्या भरवशावर झोपतो तो अजून शाबूत आहे का.

एक माझं सांगतो. मी एका कारखान्यात होतो, नाव राहू द्या. आम्हीही हेच म्हणायचो, मशीन नेटला नाही. एका परिषदेत एका मुलाने, पंचविशीचा असेल, दाखवलं की मशीन विकणाऱ्या कंपन्या दुरुस्तीसाठी मशीनबरोबर एक छोटा मोडेम बसवून जातात आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून निघतानाचाच राहतो. परत येऊन मी पॅनेल उघडून बघितले. तीन पॅनेलमध्ये सिम कार्ड निघालं. बिल भरत होता मशीनवाला, म्हणून आमच्या कुठल्याच कागदावर ते नव्हतं. आमचं मशीन नेटला नव्हतं, नेट आमच्या मशीनला होतं! (हशा) त्या भाषणाचा व्हिडिओ नंतर यूट्यूबवर आलाही. मी तो बघितला असता का? प्रामाणिक उत्तर, नसता बघितला. विषयाच्या नावावरून तो माझ्यासाठी आहे हेच कळलं नसतं. समोर बसलो होतो कारण पुढचं सत्र मला हवं होतं आणि जागा गेली असती.

आता जरा कडू बोलतो, कारण परिषदांचीही तपासणी व्हायला हवी, आरती नको.

पहिली गोष्ट तमाशाची. बार्नबी जॅकचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये तो एटीएमवर बोलणार होता. एटीएम बनवणाऱ्या एका कंपनीने आक्षेप घेतला आणि त्याच्या मालकांनी भाषण मागे घेतलं. एक वर्षाने, २०१० च्या ब्लॅक हॅटमध्ये, त्याने व्यासपीठावर दोन एटीएम आणली आणि त्यांच्यातून नोटांचा पाऊस पाडला. टाळ्या थांबेनात. जगातल्या बँकांनी एटीएमच्या डब्याकडे लक्ष दिलं, चांगलंच झालं. पण आठ वर्षांनी आपल्या पुण्यात काय झालं?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँक, १९०६ सालची, पुण्याची जुनी सहकारी बँक. बनावट कार्डं घेऊन २८ देशांमधल्या एटीएमवर माणसं उभी राहिली आणि सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी गेले, त्यात कोल्हापूरही होतं. मग सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण ९४ कोटींवर. यात एटीएमचा डबा कुणी फोडला नव्हता. एटीएम बँकेला विचारतं, 'याला पैसे देऊ का?' ते उत्तर देणारी मधली यंत्रणाच हल्लेखोरांनी बाजूला सारली आणि आपली खोटी यंत्रणा बसवली. ती प्रत्येकाला 'दे' म्हणत राहिली. म्हणजे ज्याने फक्त नोटांचा पाऊस बघितला तो भलत्याच ठिकाणी पहारा देत बसला असता. तमाशा डोळ्यांत राहतो, मर्म राहून जातं. दिलखेचक प्रयोगाच्या खोलीत गर्दी आणि प्रोटोकॉलवर बोलणाऱ्यासमोर पंधरा माणसं, हे मी कितीदा पाहिलंय.

पण याच कॉसमॉसच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर असेच स्विफ्टमधून गेले होते. एप्रिल २०१७ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी आपल्या परिषदेत त्या हल्लेखोरांच्या, म्हणजे लाझारस गटाच्या, कामाची पद्धत तपशिलात मांडली. बँकेत शिरल्यावर घाई करत नाहीत, आतली व्यवस्था शिकतात, मग एका दिवशी हात मारतात. त्यांच्या खुणा ज्या देशांत सापडल्या त्या यादीत भारत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडूच्या सिटी युनियन बँकेत स्विफ्टमधूनच चोरी झाली. आणि ऑगस्टमध्ये पुणे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढच्या वर्षी कॉसमॉसचा हल्ला उत्तर कोरियाच्या नावावर मांडला, लाझारस हा तिथलाच समजला जातो.

अधिकृत सावधगिरीचा निरोप कधी निघाला? अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गुप्त इशारा दिला की येत्या काही दिवसांत जगभर एटीएममधून मोठी रक्कम उपसली जाण्याचा बेत आहे. तारीख होती १० ऑगस्ट २०१८. शुक्रवार. हल्ल्याच्या आदल्या दिवशी.

मी कॉसमॉसला दोष द्यायला उभा नाही. ती जागा कुठल्याही बँकेची असती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं, ती एटीएमवर उभी राहिलेली माणसं. मुद्दा वेळेचा आहे. सरकारी इशाऱ्याने एक दिवस दिला, तोही सुट्टीच्या तोंडावरचा. संशोधनाने सोळा महिने दिले होते. उद्योगाने परिषदेत विकत घ्यायची वस्तू हीच, वेळ. ज्ञान वगैरे मोठे शब्द आहेत. आणि मुलं विचारतात की तिथे चोरही बसलेले असतात ना? असतात. पहिल्या रांगेत असतात. म्हणूनच आपली खुर्ची रिकामी ठेवून त्यांचं काही बिघडत नाही.

दुसरी कडू गोष्ट विक्रेत्यांची. परिषदेत दोन बाजार असतात. एक सभागृहाच्या आत, एक बाहेर. बाहेरच्या बाजारात पिशवी मिळते, टी-शर्ट मिळतो, आणि एक डबी विकत घेतली की सगळं सुरक्षित होईल असं वचन मिळतं. आमच्या एका साहेबांनी परत येऊन जो अहवाल दिला होता त्यात चार ओळी होत्या, त्यातली एक 'सत्रे अतिशय उपयुक्त होती' ही होती. पिशव्या मात्र सहा आणल्या. मी एक साधी कसोटी वापरतो. बोलणारा जर शेवटी 'हे आम्हाला जमलं नाही' असं काही सांगत असेल तर ते संशोधन. सगळंच जमलं असेल तर ती जाहिरात, मग तो व्यासपीठावर असो नाहीतर स्टॉलवर.

तिसरी तक्रार. या परिषदा आपल्यासारख्यांसाठी भरत नाहीत. पन्नास माणसांचा प्रेस शॉप, एक आयटीवाला, तोच सीसीटीव्ही बघतो, तोच प्रिंटरचं टोनर बदलतो. त्याच्यासाठी तिथे भाषा नाही. गोव्यात २०१० पासून नलकॉन भरत आली आहे, तिच्या मागची मंडळी बरीचशी पुण्याची, काम उत्तम. पण तळेगावच्या मोल्डिंगवाल्याला ती आपली वाटावी असं अजून झालेलं नाही. यात त्यांचा दोष निम्मा, निम्मा आपला. आपण कधी जाऊन आपला प्रश्न विचारलाच नाही.

आणि आता तो विचारावा लागणार आहे. १ मार्च २०२२ ला टोयोटाने जपानमधले आपले सगळे म्हणजे १४ कारखाने बंद ठेवले. टोयोटावर हल्ला झाला नव्हता. कोजिमा नावाच्या पुरवठादारावर झाला होता, प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या. सुमारे १३,००० गाड्यांचं उत्पादन त्या दिवशी बुडालं. इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक कोजिमा आहेत! तेव्हापासून आणि युरोपचे गाड्यांच्या सायबर सुरक्षेचे नियम आल्यापासून मोठ्या कंपन्या पुरवठादारांना लांबलचक प्रश्नावल्या पाठवतात. तुमच्याकडे आल्या असतील. 'होय', 'होय', 'होय' भरून परत जातात. भरतो कोण? बहुधा अकाउंट्समधला मुलगा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवायची आहे आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. सहा तासांत कळवायला आधी हल्ला झालाय हे कळावं लागतं.

मग पाठवायचं कुणाला? साहेबाला नको. ज्याच्याकडे किल्ल्या आहेत त्याला पाठवा. मेंटेनन्सचा जो माणूस लॅपटॉप घेऊन पीएलसीला जोडतो, त्याला आयटीवाल्याबरोबर पाठवा, दोघांना एकत्र. तीन कारखाने मिळून एकाला पाठवलं तरी चालेल. आल्यावर त्याच्याकडून सारांश मागू नका. एकच विचारा, 'जे ऐकलंस त्यातलं आपल्या कुठल्या मशीनला लागू होतं?' आणि त्याला ते मशीन उघडून बघायला एक शनिवार द्या. पैसे नसतील तर नल या खुल्या समुदायाच्या बैठका पुण्यात होतात, तिथे पाठवा, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. पण मशीन उघडायचा शनिवार मात्र द्यावाच लागेल, तो फुकटात मिळत नाही.

(प्रश्नोत्तरांत एका कारखानदारांनी विचारलं: 'आम्ही खर्च करून माणूस शिकवायचा आणि तो चाकणला दोन हजार जास्त मिळाले की निघून जायचा. मग?')

हा खरा प्रश्न. तळेगावातच याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. १९०८ ला इथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांनी एकेक पैसा देऊन जमवलेल्या फंडातून. त्याला चालवायला आणले ते ईश्वरदास वार्ष्णेय, जपानला आणि अमेरिकेला जाऊन काचेचं काम शिकून आलेले. पुढे ते गेले. उत्तर प्रदेशात बहजोईला त्यांनी स्वतःचा काच कारखाना काढला. इथे शिकलेले कारागीरही ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. पण भट्टी पेटवायला शिकलेली माणसं तळेगावात मागे राहिली होती, कारण तो कारखाना पहिल्यापासून शाळा म्हणूनही चालवला होता. तुमचा माणूस जाणार, काका. जाण्याआधी त्याच्याकडून दुसऱ्या दोघांना त्या तीन पॅनेलमधली सिम कार्डं कुठे असतात ते दाखवून घ्या. आणि चाकणला गेला तर त्याचा फोन नंबर ठेवा. उद्या तिकडे काही झालं, तर इशारा यायच्या आधी त्याचा फोन येईल.

बोला, मागे कुणीतरी हात वर केला होता.